"तेव्हा एका पगारात घर चालायचं": १९५० च्या अमेरिकेतल्या गृहिणीबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की भाची टेक्सासला असते, चांगली एमएस झालीय, आणि हल्ली इन्स्टावरच्या त्या ट्रॅडवाइफ (ट्रॅडिशनल वाइफ, म्हणजे घर, नवरा, मुलं हेच बाईचं खरं आयुष्य असं दाखवणाऱ्या) रील्स बघून म्हणायला लागलीय की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत बायका सुखाने घरी असायच्या, नवऱ्याच्या एका पगारात घर, गाडी, तीन मुलं सगळं बसायचं, आणि मग साठच्या दशकात फेमिनिस्ट बायकांनी येऊन त्याचं वाटोळं केलं. यात खरं किती, असं तुम्ही विचारलंय. मी न्यू जर्सीत एका कम्युनिटी कॉलेजात बरीच वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवतेय, हा काळ दर सेमिस्टरला येतो आणि दर सेमिस्टरला वर्गातलं कुणीतरी हेच म्हणतं, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. चहा घेऊन बसा.

आधी हे सांगते की भाची अगदीच हवेत बोलत नाहीये. १९५६ साली अमेरिकेत पहिल्या लग्नाच्या वेळी मुलीचं मधलं वय होतं २०.१, म्हणजे जवळपास निम्म्या नवऱ्या मुली विशीच्या आतल्याच. १९५७ मध्ये ४३ लाख बाळं जन्मली, आणि त्या हिशोबाने एका बाईला सरासरी साडेतीनच्या वर मुलं. १९४६ मध्ये घटस्फोट एकदम वाढले होते (युद्धाच्या घाईगर्दीत झालेली लग्नं, दुसरं काय) पण त्यानंतर ते प्रमाण खाली आलं. स्वतःच्या घरात राहणारी कुटुंबं १९४० मध्ये ४४ टक्क्यांच्या आत होती ती १९६० मध्ये ६२ टक्क्यांपर्यंत गेली. तेव्हा तरुणपणी लग्न, पटापट मुलं, गावाबाहेर नवं घर, हे चित्र खरंच होतं, कुणी बसून रचलेलं नाही.

गडबड आहे ती त्याला ट्रॅडिशन म्हणण्यात. कारण या बायकांच्या आया आणि आज्या अशा जगल्याच नव्हत्या. १८९० मध्ये मुली बाविसाव्या वर्षाच्या आसपास लग्न करायच्या, जन्मदर तर त्याआधीची शंभरेक वर्षं सतत खाली चाललेला, तिसाच्या दशकातल्या मंदीत लोक लग्नंच पुढे ढकलत होते. आलेख काढलात ना तर १९५० चं दशक मधेच आलेला एक उंचवटा दिसतो, त्याच्या आधीही उतार आणि नंतरही उतार. तो उंचवटा कशाने आला हे बघायचं, बाकी सगळं त्यातून आपोआप कळत जातं. माझं स्वतःचं मत सरळ आहे: तो सरकारी पैशाने, कायद्याने आणि बायकांसाठी बाकीची दारं बंद करून आला, आणि तो जेमतेम पंधरा वर्षं टिकला.

युद्धापासून सुरू करू. १९४० मध्ये अमेरिकेत साधारण १ कोटी २० लाख बायका कामावर होत्या, १९४५ पर्यंत १ कोटी ९० लाखांच्या घरात गेल्या, आणि युद्धाच्या शेवटी शेवटी कामावरच्या बायकांमध्ये पहिल्यांदाच लग्न न झालेल्यांपेक्षा लग्न झालेल्या जास्त होत्या. आता मुलं असलेल्या बाईने कारखान्यात यायचं तर मुलांना कोण बघणार? तर १९४३ पासून फेडरल सरकारने लॅनहॅम कायद्याखाली पैसे देऊन देशभर पाळणाघरं काढली, तीन हजारांच्या आसपास, दिवसाची फी सुरुवातीला ५० सेंट. पोर्टलंडला कैसरच्या शिपयार्डमधलं पाळणाघर तर चोवीस तास चालायचं, कारण आया रात्रपाळीलाही असायच्या, आणि मुलाला घ्यायला आलेल्या आईला तिथूनच रात्रीचं तयार जेवण बांधून न्यायची सोय होती. हो, १९४३ मध्ये! माझ्या वर्गातल्या नर्सिंग करणाऱ्या पोरींना हे सांगितलं की त्या आजही मला विचारतात, मॅम, ते आत्ता कुठेय?

नाहीये. १९४६ च्या फेब्रुवारीअखेर सरकारने पैसे बंद केले आणि बहुतेक पाळणाघरांना कुलूप लागलं, कॅलिफोर्नियाने तेवढी स्वतःच्या पैशावर पुढे चालू ठेवली. तुम्ही म्हणाल बायकांनाच घरी जायचं असेल. तर सरकारच्याच विमेन्स ब्युरोने युद्धकाळात दहा औद्योगिक भागांत बायकांना विचारलं होतं, त्यातल्या दर चारात तिघी म्हणाल्या की युद्धानंतरही आम्हाला काम हवंय. पण सैनिक परत येणार, त्यांना नोकऱ्या द्यायच्या, त्यामुळे मोठमोठ्या कारखान्यांतून बायकांना सरळ नारळ मिळाला. मोटार उद्योगात युद्धाच्या ऐन काळात चौथा हिस्सा बायका होत्या, १९४६ पर्यंत तो आकडा दहा टक्क्यांच्या खाली आला होता. (जाता जाता, ते दंड दाखवणारं लाल रुमालवालं पोस्टर, जे आज मग आणि टीशर्टवर असतं, ते १९४३ मध्ये वेस्टिंगहाउसच्या कारखान्यांत थोडे दिवस आतल्या आत लावलेलं होतं, बाहेर कुणी ते बघितलंही नव्हतं, ते गाजलं थेट १९८० च्या दशकात. जुन्या काळाच्या आपल्या आठवणी अशा नंतर छापलेल्या असतात बऱ्याचदा.)

आता "एका पगारात" या भागाकडे येते, कारण लोक तिथेच जास्त हळहळतात. १९४४ च्या जून महिन्यात जीआय बिल आलं. परतलेल्या सैनिकाला कॉलेजची फी, वर खर्चायला पैसे, आणि घराच्या कर्जाला सरकारची हमी. १९४७ साली कॉलेजात जाणाऱ्यांत जवळपास निम्मे माजी सैनिक होते. १९५२ पर्यंत या योजनेत चोवीसेक लाख घरकर्जं झाली. सैनिक कोण, तर पुरुष, बायका होत्या पण साधारण साडेतीन लाख, म्हणजे दीड कोटीच्या वर पुरुषांपुढे काहीच नाही. म्हणजे शिक्षणाचा आणि घराचा हा सगळा पैसा सरकारने नवऱ्याच्या हातात ठेवला आणि बायकोपर्यंत तो लग्नाच्या वाटेने पोचायचा. नवरा कॉलेजात, बायको टायपिस्टचं काम करून घर चालवतेय, असे कॅम्पसवर ढिगाने संसार होते, आणि काही युनिव्हर्सिट्या अशा बायकांना गमतीने सर्टिफिकेट द्यायच्या, पीएचटी, पुटिंग हबी थ्रू, म्हणजे नवऱ्याला पास करवल्याबद्दल! नवऱ्याला डिग्री, बायकोला हे. मला ते सर्टिफिकेट बघून हसूही येतं आणि डोकंही फिरतं. बरं १९४८ च्या कर कायद्याने जोडप्याचं उत्पन्न एकत्र करून निम्मं निम्मं धरायची सोय केली, एकट्या कमावत्या नवऱ्याला त्यात चांगली सूट, आणि बायको कमवायला लागली की तिचा पहिला डॉलरसुद्धा नवऱ्याच्या वरच्या दराने कापला जाणार.

आणि मग घरं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून बटाट्याच्या शेतांवर लेविट अँड सन्स कंपनीने लेविटटाउन उभं केलं, १९५१ पर्यंत १७ हजारांच्या वर घरं. १९४९ च्या मॉडेलची किंमत ७,९९० डॉलर. त्या सुमाराला मधल्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ३,३०० डॉलरच्या आसपास, म्हणजे अडीचेक वर्षांच्या कमाईत घर, सैनिकाला डाऊनपेमेंटही नाही. आजच्या मुलांना हे ऐकून रडू येतं ते मी समजू शकते. फक्त ते घर कसलं होतं तेही बघा: ८०० स्क्वेअर फूट, दोन बेडरूम, एक बाथरूम, खाली बेसमेंट नाही, वर माळा अर्धवट सोडलेला, पाहिजे तर स्वतः पुरा करा. गाडी एक, तीही सकाळी नवरा घेऊन गेला की बायको दिवसभर तिथेच, कारण दुकान, दवाखाना, आईचं घर, काहीच चालत जाण्याच्या अंतरावर नाही.

त्या १९४९ च्या घरात स्वयंपाकघर पुढच्या बाजूला, दाराजवळ आणलं होतं आणि हॉल मागे, मोठी काच मागच्या अंगणाकडे, म्हणजे एकटी आई घरातल्या घरात वावरताना मुलांवर नजर ठेवू शकेल. कपडे धुवायचं मशीन घराबरोबरच मिळायचं. पण कपडे वाळत घालायला दोरी बांधायची नाही, मागे छत्रीसारखा मिटणारा स्टँड ठेवायचा, आणि शनिवार-रविवारी तर त्यावरही कपडे दिसता कामा नयेत! कुंपण घालायचं नाही, गवत आठवड्याला कापायचं. आपल्याकडे हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी बोर्डावर नोटिसा लावतात त्यातलाच प्रकार, फक्त इथे पुरुषांनी ठरवलेलं आणि बायकांनी पाळायचं, कारण सोमवार ते शुक्रवार त्या गल्लीत पुरुष असायचेच कुठे.

लेविटटाउनचा सुरुवातीचा भाडेकरार मी वर्गात प्रोजेक्टरवर लावते. त्यातलं २५ वं कलम ठळक मोठ्या अक्षरांत आहे. त्यात म्हटलंय की कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाच्या माणसांखेरीज दुसऱ्या कुणालाही भाडेकरूने या जागेत राहू द्यायचं नाही किंवा ती वापरू द्यायची नाही. आणि लगेच पुढचं वाक्य, की कॉकेशियन नसलेले घरगुती नोकर ठेवायला मात्र हरकत नाही. वर्ग गप्प होतो. म्हणजे काळ्या बाईने त्या घरात भांडी घासायला यायचं चालेल, राहायला यायचं नाही. घरकर्जांना हमी देणाऱ्या फेडरल हाउसिंगवाल्यांचे नियमही याच धाटणीचे होते, काळ्या वस्तीला नकाशावर लाल रेघ, म्हणजे तिथे कर्जाला हमी नाही. १९४७ साली मिसिसिपीत सैनिकांसाठीच्या तीन हजारांवर घरकर्जांपैकी काळ्या सैनिकांना मिळाली दोन. दोन टक्के नाही हो, दोन कर्जं. १९५७ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेविटटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे काळं जोडपं लहान मुलांना घेऊन राहायला आलं, विल्यम स्वतः माजी सैनिक, तर रोज रात्री बाहेर जमाव, दगड, शेवटी राज्याचे पोलीस आणावे लागले.

तेव्हा भाची जेव्हा "तेव्हाच्या बायका" म्हणते, तेव्हा विचारायला पाहिजे की कुठल्या. काळ्या बायका लग्न होवो न होवो, कामावर होत्याच, गोऱ्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात, आणि १९४० मध्ये कामावरच्या काळ्या बायकांतल्या साठ टक्के दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं यात होत्या. १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन योजना, आली त्यात घरकाम करणाऱ्यांना वगळलं होतं, १९५० च्या दुरुस्तीत त्यातल्या नियमित कामवाल्यांना घेतलं. १९५५ च्या डिसेंबरात अलाबामातल्या माँटगमरीला रोझा पार्क्स या काळ्या बाईंना गोऱ्या माणसासाठी जागा सोडली नाही म्हणून बसमध्ये अटक झाली, त्यानंतरचा काळ्या लोकांचा बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला तो कुणाच्या पायांवर, तर रोज मैलोन् मैल चालत कामाला जाणाऱ्या या घरकामवाल्या बायकांच्या. रातोरात हजारो पत्रकं छापली ती जो अॅन रॉबिन्सन या कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी. आणि गंमत म्हणजे बऱ्याच गोऱ्या मालकिणी आपली मेड यावी म्हणून स्वतः गाडी घेऊन तिला आणायला जायला लागल्या, तर महापौर वैतागून त्यांना आवाहन करतोय की हे बंद करा. ट्रॅडवाइफ रीलमधल्या त्या चकचकीत किचनमागे कोण राबत होतं याचं उत्तर माँटगमरीच्या रस्त्यावर होतं.

गरिबीचंही एक वाक्यात सांगून टाकते: अमेरिकेचा अधिकृत गरिबीचा आकडा १९५९ पासूनचा आहे, त्या वर्षी तो २२ टक्क्यांच्या वर होता. आजच्यापेक्षा बराच जास्त. तेव्हा एका पगारात भागायचं ते कारखान्यात युनियनची पक्की नोकरी असलेल्या किंवा ऑफिसात असलेल्या गोऱ्या माणसाचं.

आता घरात बसलेली बाई दिवसभर करायची काय? लोकांना वाटतं मशीन आली, फ्रिज आला, व्हॅक्यूम आला, म्हणजे आराम. जोआन व्हॅनेक या संशोधक बाईंनी १९७४ मध्ये जुन्या पाहण्या एकत्र करून दाखवलं की नोकरी न करणारी गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला ५२ तास घरकाम करत होती आणि १९६० च्या दशकात ५५ तास. तास कमी झालेच नाहीत, उलट वाढले. कारण बघा, आधी कपडे लाँड्रीत जायचे किंवा धुणेवाली यायची, आता मशीन घरात आलं तसा शर्ट रोज बदलायला लागले आणि धुणं पूर्ण बाईवर. आधी दूध, बर्फ, किराणा दारात यायचा, डॉक्टरसुद्धा घरी यायचा, आता सुपरमार्केटला गाडी घेऊन आपण जायचं, मुलांना शाळेत, दातवाल्याकडे, पियानोला सोडायचं. घरकामाला जी दुसरी माणसं असायची, मोलकरीण म्हणा, विधवा आत्या म्हणा, मोठी मुलगी म्हणा, ती सगळी गेली आणि सगळं एका बाईच्या अंगावर आलं. १९५९ ला मॉस्कोच्या प्रदर्शनात अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह एका पिवळ्या किचनसमोर उभे राहून भांडले, निक्सनचा मुद्दा असा की आम्ही आमच्या गृहिणींचं आयुष्य सोपं करतो. दोघांपैकी एकाने तरी आयुष्यात कपडे धुवायचं मशीन लावलं होतं का, हा माझा आगाऊ प्रश्न.

एकदा एका विद्यार्थ्याने असाइनमेंटसाठी आजीची हिशोबाची वही आणली होती. आमच्याकडे घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखतीचं असाइनमेंट असतं, त्यात अशी रत्नं येतात. साधी स्पायरलची वही, पेन्सिलने लिहिलेली. डाव्या पानावर नवऱ्याने दर शुक्रवारी दिलेले पैसे, उजवीकडे किराणा, लंगोटांची धुलाई करणाऱ्या डायपर सर्व्हिसचे, दूधवाला, चर्चची पेटी. मागच्या पानांवर एस अँड एच च्या हिरव्या स्टॅम्पांचा वेगळा हिशोब: किराण्यावर हे स्टॅम्प मिळायचे, पुस्तिकेत चिकटवायचे, पुस्तिका भरल्या की कॅटलॉगमधून वस्तू घ्यायची. या बाईंनी स्टॅम्पांवर टोस्टर घेतलेला, इस्त्री घेतलेली, नवऱ्यापुढे हात न पसरता घेतलेल्या वस्तू त्या तेवढ्याच. आणि मग वहीच्या पुढच्या भागात, धाकटी मुलगी शाळेत गेल्यावर, डाव्या पानावर एक नवी ओळ सुरू होते, "माझे". शाळेच्या कॅफेटेरियात दुपारचं काम. ती ओळ मग शेवटपर्यंत आहे.

आणि हीच त्या दशकाची खरी बातमी आहे बरं का, जी रीलमध्ये येत नाही. १९५२ पर्यंतच युद्धाच्या ऐन काळापेक्षा जास्त लग्न झालेल्या बायका कामावर होत्या. लग्न झालेल्यांपैकी कमावत्या १९४० मध्ये साधारण १५ टक्के, १९६० मध्ये ३० टक्के, सरळ दुप्पट. शाळकरी वयाची मुलं असलेल्या आयांमध्ये १९४८ ला चौथा हिस्सा, १९६० ला ३९ टक्के. फेमिनिझमचं ते गाजलेलं पुस्तक (पुढे सांगते) यायचं होतं अजून! मग या का गेल्या? हप्ते होते. दुसरी गाडी, मुलांचं कॉलेज, टीव्ही (१९५० मध्ये दहा घरांतल्या एकात, १९६० मध्ये जवळपास नऊ घरांत). म्हणजे तो जो एका पगाराचा संसार, त्यातली मध्यमवर्गाची चैन बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या पगारातून येत होती, फक्त त्याला "बायकोला जरा विरंगुळा" म्हणायची पद्धत होती. आणि ऑफिसं, शाळा, दवाखाने इतके वाढत होते की त्यांना माणसं पुरेनात, विशीतल्या पोरी तर लग्न करून बाळंतपणात, मग युद्धाआधी लग्न झालेल्या बाईला नोकरीच नाही असे जे नियम शाळांमध्ये आणि ऑफिसांमध्ये सर्रास होते ते हळूहळू सुटत गेले आणि पस्तिशी-चाळिशीतल्या बायका आत आल्या. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते हाच सगळा गुंता उकलल्याबद्दल.

नोकरी मिळायची पण कुठली, ते बघायचं तर तेव्हाच्या पेपरातलं जाहिरातींचं पान बघा. दोन वेगळे भाग, "पुरुष पाहिजेत" आणि "स्त्रिया पाहिजेत". पहिल्यात इंजिनियर, सेल्समन, मॅनेजर ट्रेनी. दुसऱ्यात टायपिस्ट, रिसेप्शनिस्ट, नर्स, वेट्रेस, आणि वर "दिसायला आकर्षक" वगैरे बिनधास्त छापलेलं. पिट्सबर्गच्या एका पेपरचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७३ मध्ये निकाल लागला तेव्हा कुठे हे पान पूर्ण बंद व्हायला लागलं. पगार पुरुषाच्या एका डॉलरमागे साठेक सेंट. एअर होस्टेसने लग्न केलं की घरी, अमेरिकन एअरलाइन्सने तर १९५३ पासून ३२ व्या वर्षी निवृत्ती ठरवली. शाळेतली बाई गरोदर राहिली की चौथ्या-पाचव्या महिन्यात राजीनामा, हा नियम कोर्टाने मोडला १९७४ मध्ये. सँड्रा डे ओकॉनर १९५२ मध्ये स्टॅनफर्डमधून वरच्या नंबराने वकील झाल्या तर एका फर्मने विचारलं, लीगल सेक्रेटरी म्हणून येता का. पुढे त्याच सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश.

आणि मला सगळ्यात भयंकर वाटतं ते बेबी लेटर. नवरा-बायको दोघं कमावतात, दोघांच्या पगारावर घरकर्ज मागायला गेले, तर बायकोचा पगार धरायचा की नाही हे बँकेच्या मर्जीवर, कारण काय भरवसा, उद्या बाळ झालं की ती नोकरी सोडेल. मग डॉक्टरचं पत्र आणायचं, की ही बाई संततिनियमन करतेय किंवा हिला मूल होऊ शकत नाही. सैनिकांच्या सरकारी कर्जयोजनेतसुद्धा हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होतं. कर्ज देताना बाई म्हणून भेदभाव करायचा नाही हा कायदा १९७४ चा. तेव्हा "बायका स्वखुशीने घरी होत्या" म्हणताना हे लक्षात ठेवा, दुसरा रस्ता कितपत उघडा होता ते.

पण सुखी होत्या का? हे मी वर्गात कधीच हो किंवा नाही असं सांगत नाही. मंदीत एका खोलीत सहा जण वाढलेली, युद्धात नवरा जिवंत येईल की नाही या धास्तीत चार वर्षं काढलेली मुलगी, तिला स्वतःचं न्हाणीघर असलेलं घर आणि अंगणात खेळणारी मुलं म्हणजे स्वर्गच होता, आणि मी वाचलेल्या मुलाखतींत कितीतरी आज्या ते मनापासून म्हणतात, त्यांना खोटं ठरवणारी मी कोण. त्याच मुलाखतींत दुपारी दोन वाजता कारण नसताना रडू येण्याचंही येतं. १९५५ ला मिल्टाउन नावाची चिंतेवरची गोळी बाजारात आली आणि हातोहात खपली (पुरुष ऑफिसरही घ्यायचे, सगळं बायकांवर ढकलू नका). आणि ज्या मुलीचं लग्नाआधी पोट वाढलं तिची काय कथा: शाळेतून नाव कमी, दुसऱ्या गावी प्रसूतिगृहात रवानगी, बाळ दत्तक, आणि परत येऊन मावशीकडे गेले होते म्हणून सांगायचं. १५ ते १९ वयाच्या मुलींच्या बाळंतपणांचा अमेरिकेतला उच्चांक १९५७ चा आहे, हजारात ९६, फक्त बहुतेकींचं घाईघाईने लग्न लावून दिलेलं असायचं म्हणून ते दिसत नाही. गोळी, म्हणजे संततिनियमनाची, १९६० ला मंजूर झाली, आणि कनेक्टिकटमध्ये लग्न झालेल्या जोडप्यालासुद्धा असं काही वापरायला कायद्याने बंदी होती ती १९६५ ला सुप्रीम कोर्टाने काढली.

आता एक गोष्ट तुम्ही भाचीला नक्की सांगा. हे घरी बसण्याचं चित्र जगापुढे ठेवणाऱ्या बायका स्वतः घरी बसलेल्या नव्हत्या. टीव्हीवरच्या 'आय लव्ह लुसी' मालिकेतली लुसी ही गृहिणी, १९५३ च्या १९ जानेवारीला तिला पडद्यावर बाळ झालं तो भाग दुसऱ्या दिवशीच्या आयझेनहॉवरच्या शपथविधीपेक्षा जास्त लोकांनी बघितला, आणि प्रत्यक्षातली लुसिल बॉल नवऱ्याबरोबर स्टुडिओ कंपनी चालवत होती, पुढे एकटी तिची प्रेसिडेंट झाली. टपरवेअर घराघरांत पोचवलं ते ब्राउनी वाइझ या घटस्फोटित, एकटीने मुलगा वाढवणाऱ्या बाईने, दुकानातून माल काढून पार्टीत विकायची सगळी यंत्रणा तिची, १९५४ ला बिझनेस वीकच्या मुखपृष्ठावर येणारी पहिली बाई, आणि १९५८ ला कंपनीने तिला काढून टाकलं. बाईने करिअर केलं की तिचं मन आजारी पडतं असं १९४७ ला पुस्तकात लिहिणाऱ्या डॉक्टर फार्नहॅम स्वतः प्रॅक्टिस करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या! आजची रीलवाली बाईसुद्धा कॅमेरा, लाइट, स्पॉन्सर, एडिटिंग असा पूर्णवेळ धंदाच करतेय की, आणि चांगला करतेय.

दुसऱ्या बाजूने बेटी फ्रीडन, साठच्या दशकातल्या फेमिनिस्ट चळवळीतली लेखिका. १९५७ ला कॉलेजच्या पंधराव्या रियुनियनसाठी स्मिथ कॉलेजच्या आपल्या वर्गमैत्रिणींना तिने प्रश्नावली पाठवली, त्यातून पुस्तक झालं, द फेमिनिन मिस्टिक, फेब्रुवारी १९६३. ती स्वतःला साधी उपनगरातली गृहिणी म्हणवायची पण आधी बरीच वर्षं कामगार युनियनच्या पेपरात वार्ताहर होती, आणि दुसऱ्या वेळी गरोदर असताना ती नोकरी गेली. पुस्तकावरचा आक्षेप रास्त आहे, की ते शिकलेल्या, गोऱ्या, खात्यापित्या घरातल्या बायकांचं आहे, दुसऱ्याच्या घरी राबणारी त्यात जवळपास नाहीच. पण त्याने कुणाला घराबाहेर काढलं असं म्हणणं म्हणजे क्रम उलटा झाला, बायका दहा-पंधरा वर्षं आधीच बाहेर पडलेल्या होत्या, पुस्तकाने त्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. समान वेतनाचा कायदा १९६३, नोकरीत भेदभावाला बंदी १९६४. पाळणाघरांचं मात्र राहिलंच. १९७१ ला देशभर पाळणाघरं काढायचं बिल दोन्ही सभागृहांत पास झालं, आणि किचनसमोर गृहिणींची बाजू मांडणाऱ्या त्याच निक्सनने त्यावर व्हेटो मारला.

आपल्या मराठी घरांशी याचा एक धागा आहे तो एवढाच, की एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी नोकरीच्या व्हिसाला जोडून, आलेल्या मुलींना २०१५ पर्यंत इथे काम करायची परवानगीच नव्हती, नंतरही ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीनकार्डचं काम एका टप्प्यापुढे गेलंय त्यांनाच. इंजिनियर मुली न्यू जर्सीच्या अपार्टमेंटमध्ये गाडीविना दिवस काढताना मी बघितल्यात, त्यांना हा धडा शिकवायला लागत नाही. तुमची भाची एच-४ वर आहे की स्वतःच्या व्हिसावर हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण तिने आपणहून घरी राहायचं ठरवलं तर तो तिचा निर्णय, माझं त्याला काही म्हणणं नाही, फक्त त्या ५० च्या दशकातल्या बायकांचं पुढे काय झालं ते तिने बघावं. १९७० पासून कॅलिफोर्नियात आणि मग इतर राज्यांत कुणाचा दोष न दाखवता घटस्फोट मिळायला लागला, आणि पंचविशीत नोकरी सोडलेल्या, आता पन्नाशीतल्या बायका एकदम रस्त्यावर आल्या, ना अनुभव, ना पेन्शन, ना स्वतःच्या नावावर बँकेत पत. इतक्या होत्या की त्यांच्यासाठी १९७५ ला कॅलिफोर्नियाला वेगळा कायदा करावा लागला. घटस्फोटित बाईला नवऱ्याच्या सोशल सिक्युरिटीवर हक्क सांगायचा तर लग्न किमान २० वर्षं टिकलेलं लागायचं, १९७७ च्या दुरुस्तीने ते १० वर आणलं आणि तो नियम आजही तसाच आहे, नऊ वर्षं अकरा महिने संसार केला तर त्या खात्यावर शून्य. तेव्हा भाचीला म्हणावं, सावरडो ब्रेड खुशाल कर, पण त्याआधी सोशल सिक्युरिटीच्या साइटवर स्वतःचं अकाउंट उघडून आपल्या नावावर कामाचे किती क्रेडिट जमलेत ते बघून ठेव, स्वतःच्या पेन्शनला चाळीस लागतात आणि वर्षाला चारच्या वर मिळत नाहीत.